पेज, पथ्य आणि पोषण : वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञांची उत्तरं

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं स्वतःच्या जेवणाबद्दल नाहीत. सुनेला काय द्यायचं, नातवाला काय भरवायचं, आईच्या पानात काय वाढायचं, असेच प्रश्न आहेत. बहुतेक पत्रांत एक गोष्ट सारखी दिसते. ज्याला सगळ्यात जास्त पोषण हवं, त्यालाच घरातलं सगळ्यात पातळ ताट मिळतं. उत्तरांत जिथे रोजच्या गरजेचे आकडे आहेत, ते मुख्यतः हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार आहेत.

सून चार महिन्यांची गरोदर आहे. शेजारच्या आजी सांगतात, मासे आणि पपई उष्ण, अजिबात द्यायची नाही. आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळी होते, म्हणून तिने त्या बंद केल्या आहेत. आता दोन जिवांचं जेवण द्यायचं का?
— एक वाचक, गुहागर

आधी गोळ्या पुन्हा सुरू करा. शौचाला काळी होणं हे न पचलेल्या लोहामुळे होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा किमान १८० गोळ्या, आणि बाळंतपणानंतर आणखी १८०. मळमळत असेल तर रात्री झोपताना घ्यावी. बद्धकोष्ठ झालं तर पाणी, पालेभाजी आणि थोडं चालणं वाढवावं. पोटात दुखत असेल तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्यावी, परस्पर बंद करू नये.

कॅल्शियमची गोळीही चालू असेलच. ती ५०० मिलिग्रॅमची, दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर. ही आणि लोहाची गोळी एकत्र घेतली तर दोन्ही एकमेकींच्या आड येतात, म्हणून मध्ये किमान दोन तास जाऊ द्या. सोयीची वेळ अशी : सकाळी न्याहारीबरोबर कॅल्शियम, दुपारच्या जेवणाबरोबर दुसरी, आणि रात्री जेवणानंतर दोन तासांनी लिंबाच्या सरबताबरोबर लोह. चहाबरोबर किंवा दुधाबरोबर लोह घेऊ नये. चौथ्या ते सहाव्या महिन्यात जंताची एक गोळीही देतात, ती चुकवू नका. रक्तातलं हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर गोळ्यांचं प्रमाण डॉक्टर वाढवतील.

दोन जिवांचं दुप्पट जेवण लागत नाही. चौथ्या महिन्यानंतर रोजच्या जेवणावर साधारण ३५० उष्मांक जास्त हवेत. दोन आंबोळ्या आणि वाटीभर काळ्या वाटाण्याची उसळ, एवढंच. प्रथिनं मात्र मधल्या तीन महिन्यांत रोज साडेनऊ ग्रॅम जास्त आणि शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅम जास्त लागतात, आणि घरोघरी कमी पडतं ते इथेच. भात वाढवला तर पोट भरतं, पण प्रथिनांचा हिशेब जुळत नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७, घट्ट वरणाच्या वाटीत ६-७, आणि काटे काढून उरलेल्या १०० ग्रॅम बांगड्यात १९-२० ग्रॅम प्रथिनं मिळतात.

म्हणजे मासे बंद करणं हा उलटा उपाय झाला. बांगडा, तारली, पेडवे, मांदेली, बोंबील हे लहान मासे आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम, दोन-तीन वेळांत वाटून खावेत. बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागणारी चरबी बांगडा-तारलीत भरपूर असते. टाळायची ती मोरी (शार्क) आणि मोठी सुरमई. हे मासे दुसरे मासे खाऊन वाढतात, त्यामुळे समुद्रातला पारा त्यांच्या मांसात साठत जातो. मासा जितका मोठा आणि जुना, तितका जास्त. तिसऱ्या आणि कालवं खाडीतल्या घाण पाण्याची असली तर पोट बिघडवतात. ती ताजी, पूर्ण उकळलेली असतील तरच द्या, आणि उकळूनही तोंड न उघडलेली शिंपली फेकून द्या.

पपईबद्दल आजी निम्म्या बरोबर आहेत. कच्च्या पपईच्या चिकामुळे गर्भाशय आकुंचन पावू शकतं, म्हणून ती नको. झाडावर पूर्ण पिकलेली पपई खायला हरकत नाही.

एकूण वजन १० ते १२ किलोंनी वाढणं साधारण ठीक. चौथ्या महिन्यानंतर कुठल्याही महिन्यात किलोभरही वाढलं नाही, तर पुढच्या तपासणीची वाट बघत बसू नका.

मुलगी बाळंत होऊन तीन आठवडे झाले. दूध वाढावं म्हणून मोरीचं कालवण द्यायची आमच्याकडे पद्धत आहे. पाणी मात्र कमी देतात. बरोबर आहे का?
— मालवण

मोरीने दूध वाढतं याला आधार नाही, आणि पाऱ्याचा मुद्दा वर आलाच आहे. तो दुधातूनही बाळाकडे जातो. शिवाय मोरीच्या काही जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्या ऐवजी पेडव्यांचं तिकलं किंवा मुडदुशीचं कालवण करा. दूध वाढतं ते बाळ वारंवार आणि नीट पकडून प्यायल्याने, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा. आईचं दूध खरोखर कमी पडतंय का हे ओळखायचं तर बाळाची लघवी मोजा. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा फिकट लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरेसं आहे.

पहिले सहा महिने बाळंतिणीला नेहमीपेक्षा रोज ६०० उष्मांक जास्त लागतात, म्हणजे गरोदरपणापेक्षाही अधिक. हे फार कमी घरांत ध्यानात घेतलं जातं. डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू इथे खरोखर उपयोगी पडतात, कारण लहान घासात तूप, गूळ, सुकं खोबरं असं बरंच मावतं. पण दिवसाला दोन लाडू आणि जेवणात नुसता भात-तूप, हे चालणार नाही. लाडवांसोबत मासा, अंडं, कुळथाची पिठी, पालेभाजीही हवी. पाणी कमी देण्याने आईला बद्धकोष्ठ आणि लघवीला जळजळ होते. दर वेळी पाजायला बसताना हाताशी पाण्याचा तांब्या असावा.

एक न विचारलेली गोष्ट सांगून ठेवतो. घरात मिश्री लावायची सवय असेल तर या काळात ती सोडायलाच हवी. तंबाखूतलं निकोटीन आधी वारेतून आणि नंतर दुधातून बाळापर्यंत पोचतं.

नातू सात महिन्यांचा आहे. सहा महिने पूर्ण झाल्यापासून नाचणीचं सत्त्व आणि तांदळाची पेज देतो. आवडीने खातो, पण गेल्या महिन्यात वजन जेमतेम १०० ग्रॅम वाढलं. सत्त्व घरीच करतो : नाचणी तीन दिवस भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेला पांढरा साका वाळवतो.
— एक आजोबा, दापोली

इतक्या नेमकेपणाने कृती लिहिलीत, त्यामुळे चूक कुठे होते ते लगेच दिसलं. नाचणीतलं कॅल्शियम मुख्यतः तिच्या तांबड्या सालीत असतं. अख्ख्या नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. इतकं दुसऱ्या कुठल्याच नेहमीच्या धान्यात नाही. फडक्यावर राहिलेला चोथा आणि ओतून दिलेलं पाणी यांबरोबर तुम्ही त्याचा मोठा भाग आणि बरीचशी प्रथिनं टाकून दिलीत. उरलेला पांढराशुभ्र साका म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. तो पचतो छान, पण त्यावर बाळ वाढत नाही.

दुसरी अडचण पातळपणाची. या वयात बाळाचं पोट जेमतेम वाटीभर. दूध चालू असताना वरच्या खाण्यातून त्याला रोज साधारण २०० उष्मांक मिळायला हवेत. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम तांदळाच्या अख्ख्या पातेलीभर पेजेत १०० उष्मांक आणि २ ग्रॅम प्रथिनं असतात. त्यातल्या चार चमच्यांत किती मिळालं ते तुम्हीच बघा. पेज पिऊन पोट भरतं, मग बाळ आईचं दूधही कमी पितं.

सत्त्वाऐवजी मोड आलेल्या नाचणीचं पीठ करा. एक किलो नाचणी पाखडून, वर तरंगणारे दाणे काढून, वाळू जाईपर्यंत तीन-चार पाण्यांनी धुवा. १० ते १२ तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला. चाळणीत अर्धा तास निथळू द्या. पाणी तसंच राहिलं तर दाणे आंबतात. मग ओल्या सुती फडक्यात सैल बांधून ठेवा. उन्हाळ्यात २४ तासांत, थंडीत ३६ तासांत दाण्याएवढाच पांढरा मोड दिसतो. तिथेच थांबा, मोड लांबला की पीठ कडवट होतं. कडक उन्हात, वर पातळ कापड टाकून दोन दिवस वाळवा. दाणा दाताखाली कट्कन फुटला की वाळला. कोरड्या फडक्यात चोळून, पाखडून मोडांचे तंतू काढून टाका. मंद आचेवर पाच-सात मिनिटं, वास सुटेपर्यंतच परता आणि दळा. पहिला महिनाभर बारीक चाळणीने चाळलंत तरी चालेल, पण कपड्याने गाळू नका.

बिघडतं ते पावसाळ्यात. फडकं बुळबुळीत लागलं, आंबूस वास आला किंवा दाण्यावर काळे-हिरवे ठिपके दिसले तर सगळं टाकून द्यायचं. भाजून बुरशी मरते, तिचं विष जात नाही. म्हणून मे महिन्यातच वाळवून अख्खे मोडाचे दाणे घट्ट डब्यात भरून ठेवा आणि पंधरा दिवसांना पुरेल इतकंच दळा.

मोड आणण्याचा फायदा केवळ पचनापुरता नाही. मोड येताना दाण्यात पिष्ट फोडणारं विकर तयार होतं, आणि त्यामुळे शिजवलेली लापशी घट्ट न होता सैल राहते. म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. हेच पीठ भाताच्या पेजेलाही वापरता येतं : भात घट्ट शिजवून मऊ घोटा, कोमट असताना त्यात अर्धा चमचा मोडाचं पीठ ढवळा. पाच-दहा मिनिटांत गोळा सैल होतो, पाण्याचा थेंब न घालता. मग एकदा उकळी आणून, निववून भरवा.

एका वेळच्या लापशीला दोन मोठे सपाट चमचे पीठ, दीडशे मिली पाणी, पाच-सात मिनिटं ढवळत शिजवणं, आणि उतरवल्यावर चहाचा एक चमचा तूप किंवा घाण्याचं खोबरेल. या एका चमच्यानेच ४५ उष्मांक वाढतात. चमचा तिरका केला तर लापशी पटकन ओघळू नये, हळूच घसरावी. तेवढा घट्टपणा बरोबर. मीठ आणि साखर वर्षभर नको, मध तर मुळीच नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते.

सात महिन्यांना दिवसातून दोन-तीन वेळा अर्धी वाटी, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा, वर्षानंतर पाऊण ते एक वाटी आणि वर एक-दोनदा मधलं खाणं. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवावं. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधातलं लोह पुरत नाही, म्हणून रोज एका जेवणात मसूर किंवा कुळीथ घोटून, अंडं किंवा मासा हवाच. मुडदुशी उकडून, बोटांनी चुरून, काटा राहिला नाही याची दोन्ही हातांनी खात्री करून भरवा. पूर्वीच्या बायका हे करतच होत्या. नवा पदार्थ दिल्यावर तीन दिवस दुसरा नवा देऊ नका, म्हणजे अंगावर पुरळ उठलं तर कशाने ते कळेल. लोहाचं सरकारी सिरप आठवड्यातून दोनदा १ मिली, आणि नवव्या महिन्यात अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस, हेही बघा. महिनाभर असं करूनही वजन हललं नाही तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या; लघवीतला जंतुसंसर्ग किंवा वारंवार होणारे जुलाब हेही कारण असू शकतं.

तीन वर्षांच्या मुलीला ओले काजूगर, फणसाच्या आठळ्या द्याव्यात का? दिवसाला लिटरभर दूध पिते, जेवत नाही.
— लांजा

अख्खे काजू, शेंगदाणे, उकडलेल्या आठळ्या चार-पाच वर्षांपर्यंत अख्ख्या देऊ नका, श्वासनळीत अडकतात. उसळीतले काजूगर कुस्करून, आठळी सोलून किसून भाजीत. दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलीवर आणा. लिटरभर दुधाने भूक मरते आणि मुलाचं रक्तही कमी होतं, कारण दुधात लोह जवळपास नसतं. दूध जेवणानंतर द्या, आधी नाही, आणि बाटलीतून देत असाल तर पेल्यातून. आठवडाभर रडारड होईल, ती सोसा.

मुलगी १४ वर्षांची. हिमोग्लोबिन १०.२. बीट, खजूर आणि गूळ-शेंगदाणे रोज देते, शाळेत आठवड्याची निळी गोळीही घेते. तीन महिन्यांत काही फरक नाही.
— एक आई, देवगड

बिटाचा लाल रंग रक्ताशी काही नातं सांगत नाही. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. दहा ग्रॅम गुळाच्या खड्यातून अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. तिची रोजची गरज ३० मिलिग्रॅम आहे. हे पदार्थ वाईट नाहीत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

निळी गोळी आठवड्याला एक असते. हिमोग्लोबिन चांगलं आहे ते घसरू नये, यासाठी ती आहे. १०.२ म्हणजे या वयाला मध्यम रक्तक्षय, इथे रोजच्या गोळ्यांचा पूर्ण उपचार लागतो. डॉक्टरांकडून सुरू करा. महिनाभरात निदान एकाने आकडा वाढायला हवा. वाढला नाही तर गोळी खरंच पोटात जाते का, पाळीत रक्त जास्त जातं का, पोटात जंत आहेत का आणि थॅलेसीमियासारखा आनुवंशिक दोष आहे का, हे क्रमाने तपासायचं. आकडा १२ वर गेला तरी पुढे तीनेक महिने गोळ्या चालू ठेवायच्या, नाहीतर शरीरातला साठा रिकामाच राहतो आणि रक्त पुन्हा उतरतं.

कोकणात जंतांकडे खास लक्ष हवं. आकडीकृमी ओल्या, सावलीच्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. पोफळीच्या बागेत, शेतात, उघड्यावर शौचाला जाताना चप्पल हवी. जंताची गोळी सहा महिन्यांतून एकदा, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी.

आता ताटाचं. कुळीथ १०० ग्रॅममागे साडेआठ मिलिग्रॅमच्या वर लोह देतो, पण वनस्पतीतलं लोह शरीर फार थोडं उचलतं. त्याला आंबटाची जोड लागते, आणि इथे कोकमापेक्षा क जीवनसत्त्व असलेलं काही हवं : लिंबू, आवळा, पेरू, हंगामात काजूचं बोंडू. बोंडवात क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असतं आणि आपण ते बागेत कुजू देतो. पिठीवर लिंबू पिळा, किंवा जेवणाबरोबर पेरूच्या चार फोडी. मांसमासळीतलं लोह चांगलं उचललं जातं, आणि एकाच ताटात असेल तर ते भाजी-उसळीतलं लोहही ओढून घेतं. तेव्हा पिठी-भात आणि सोबत भाजलेला सुका जवळा, हे जुनं ताट शहाणपणाचं आहे. चहा जेवणाच्या आधी-नंतर तासभर बंद. शाळेतून आल्यावर चहा-खारी खाऊन मग लगेच जेवण, ही सवय आधी मोडा.

आमच्याकडे मिठागरातलं जाडं मीठ वर्षाचं भरून ठेवतात. समुद्राकाठी राहून, मासे खाऊन पुन्हा आयोडीनच्या मिठाची काय गरज?
— शिरोडा

शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० मध्ये सत्याग्रह झाला, त्यामुळे या मिठावर तुमची माया असणारच. पण समुद्राचं पाणी आटवून केलेल्या मिठात आयोडीन नगण्य राहतं. कोकणातल्या पावसाने जमिनीतलंही धुऊन जातं, म्हणून भाजीभातातही ते कमी. मासळीतून काही मिळतं, पण जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, श्रावणात मासे वर्ज्य, आणि घरातल्या शाकाहारी माणसांना तेही नाही. २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला देशात बंदी आहे.

सगळ्यात मोठी किंमत गरोदर बाईचं बाळ मोजतं. पहिल्या काही महिन्यांत त्याच्या मेंदूची वाढ आईच्या आयोडीनवर चालते. त्या काळात गरज दिवसाला २५० मायक्रोग्रॅम, एरवी मोठ्या माणसाला १५० च्या आसपास. जाडं मीठ लोणच्याला, मासे खारवायला, कैऱ्यांच्या खाराला वापरा. रोजच्या स्वयंपाकात पिशवीतलं आयोडीनयुक्त. ते चुलीपासून लांब, झाकणाच्या बरणीत ठेवा आणि पदार्थ उतरवताना घाला. पावसाळी दमटपणात उघड्या मिठाला पाणी सुटतं, त्याबरोबर आयोडीनही कमी होतं. आणि दोन्ही मिठं मिळून माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. जास्त मीठ खाऊन आयोडीन मिळवायचं नसतं.

वय ५२, मधुमेह आहे. घरची हापूसची कलमं आहेत. आंबा खाऊ की नको?
— राजापूर

जेवणानंतर नको, जेवणात खा. मध्यम हापूसमध्ये दीडशे ग्रॅमच्या आसपास गर आणि त्यात वीस-बावीस ग्रॅम कर्बोदकं असतात. अर्धा आंबा खायचा असेल तर त्या ताटातली एक छोटी पोळी किंवा मोठा डावभर भात कमी करा. आमरस नको, फोडी चावून. दोन तासांनी साखर मोजा, म्हणजे तुमच्या शरीराचं उत्तर तुम्हाला मिळेल.

आई ७८ वर्षांची, वजन सहा महिन्यांत ५३ वरून ५० वर आलं. कवळी आहे. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी भात-आमटी, रात्री फक्त पेज आणि लोणचं. काही दिलं की ‘माका भूक नाय’ म्हणते. मधुमेहासाठी दहा वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे. दोनदा पडली. म्हातारपणी हलकंच बरं, असं सगळे म्हणतात.
— एक मुलगा, सावंतवाडी तालुका

सगळे चुकताहेत. सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून जास्त आपोआप उतरलं, तर ते वयामुळे म्हणून सोडून द्यायचं नसतं. आधी डॉक्टरांना दाखवा : साखर, थायरॉईड, किडनी, हिमोग्लोबिन, ब-१२. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने ब-१२ चं शोषण घटतं, आणि उतारवयात पोटातलं आम्ल कमी झाल्याने ते आधीच घटलेलं असतं. तळपायांना मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा ही त्याची लक्षणं. पडण्याचं एक कारण तेही असू शकतं. गोळी बंद करायची नाही, ब-१२ भरून काढायचं.

उतारवयात काम कमी होतं तसे उष्मांक कमी लागतात, पण प्रथिनं कमी लागत नाहीत, उलट वाढतात : वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम. आईंना ५० ते ६० ग्रॅम. सध्याच्या जेवणातून त्यांना २५ तरी मिळत असतील का, शंका आहे. ते कमी पडलं की शरीर स्नायू मोडून खातं, मांड्या बारीक होतात, खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो, आणि मग पडणं. (किडनीचा आजार निघाला तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.)

कवळीने चावता येईल असं एका दिवसाचं जेवण असं बसवता येतं. सकाळी ३० ग्रॅम नाचणीची, पेलाभर दूध घालून केलेली आंबील आणि एक मऊ उकडलेलं अंडं : १४ ग्रॅम. दुपारी मऊ भात, घट्ट वरण आणि काटे काढलेला, दोन लहान बांगड्यांएवढा मासा : २२ ग्रॅम. चार वाजता वाटीभर दही आणि एखादं केळं : ४ ग्रॅम. रात्री पेजच, त्यांची आवडती, पण वेगळी : उकड्या तांदळात निम्मी मूगडाळ, घोटून घट्ट, वर चमचाभर तूप, आणि सोबत कुळथाची पिठी. यातून १० ते १२ ग्रॅम. बेरीज पन्नाशीच्या आसपास जाते. उकडा तांदूळ सोडू नका. उकडताना सालीजवळचं ब-१ आत शिरतं, म्हणून तो पांढऱ्या तांदळापेक्षा सरस. साखर वाढते का ते पहिल्या आठवड्यात दोनदा तपासा.

‘भूक नाय’ म्हणतील, तेव्हा ताट भरू नका. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान. आधी मासा-अंडं, मग भात. पाणी जेवणाआधी पोटभर नको. कवळी सैल झाली असेल तर वजन उतरल्यावर ती आणखी सैल होते आणि हिरडी टोचते. ‘भूक नाही’ यामागे अनेकदा तेवढंच असतं. हिरड्या एकदा बघून घ्या. जेवताना वारंवार ठसका लागत असेल तर ते मात्र गिळण्याच्या त्रासाचं लक्षण, डॉक्टरांना सांगायलाच हवं.

तहान या वयात लागेनाशी होते. दिवसभरात सहा-सात पेले पाणी, ताक, पातळ सार मिळून, ठरलेल्या वेळी हातात द्या. लोणच्यातल्या मिठाने रक्तदाब चढतो, त्या जागी ओल्या खोबऱ्याची चटणी किंवा लिंबाची फोड. शहाळं हे औषध समजून रोज देऊ नका. एका शहाळ्यात बरंच पोटॅशियम असतं. किडनी कमजोर असेल, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी रक्तदाबाची-हृदयाची गोळी चालू असेल, तर ते पोटॅशियम रक्तात साठून हृदयाची लय बिघडू शकते. ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळणाऱ्या मिठातही पोटॅशियम असतं, त्याबद्दलही हेच.

ड जीवनसत्त्वासाठी पावसाळ्याचे चार महिने उन्हाचा भरवसा नाही, म्हणून तपासून गोळी सुरू करावी. आणि खाल्लेलं प्रथिन स्नायूंत जायचं तर स्नायूंना थोडं काम हवं : भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, सकाळ-संध्याकाळ जमेल तेवढं, दहापर्यंत, शेजारी कोणीतरी उभं राहून.

श्रावण पाळतो. मासेमारी बंद असते तेव्हाही महिना-दोन महिने ताजी मासळी नसते. तेवढ्यात ब-१२ आणि ताकद कमी होते का?
— हर्णै

ब-१२ चा साठा यकृतात बराच काळ पुरतो, महिनाभराने काही होत नाही. प्रथिनांचा साठा मात्र शरीर ठेवत नाही. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत सुकी मासळी वापरा. तिच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त भाग प्रथिनंच असतात, त्यामुळे माणशी २० ग्रॅम जवळा पुरतो. तो कोरडा भाजून, मग दोन पाण्यांत धुऊन घ्या, वाळू आणि बरंच मीठ निघून जातं. खारवलेला बांगडा तासभर कोमट पाण्यात बुडवून ते पाणी टाका. रक्तदाब असलेल्यांना आठवड्यातून एकदाच. विकत घेताना किंचित ओली, लालसर डाग पडलेली किंवा पिठूळ बुरशीची सुकट स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

श्रावणात रोज दोन वेळा कडधान्य किंवा डाळ आणि दोन वेळा दूध-दही, असं धरलं तर भागतं. अडतं ते उपवासाच्या दिवशी. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास शून्य. खिचडीत दाण्याचं कूट सढळ घाला, वरीच्या भाताबरोबर दाण्याची आमटी करा, सोबत ताक. साखर कमी करणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी कडक उपवासाआधी डोस डॉक्टरांकडून बदलून घ्यावा. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर उपवास तिथेच सोडून लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर मोजायची, आणि त्यानंतर पोटात काहीतरी खाणं गेलंच पाहिजे.